उरलेला बाय लांबच्या गाडीला

शेजारच्या शांताबाई एका सकाळी लेकीची जन्मवेळ कागदावर लिहून घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "मॅडम, तुमी पत्रिका काढता अन् आमालेच माहीत नाई!" म्हणाल्या. मी विचारलं, कोण म्हणालं? त्यांनी काखेतलं वर्तमानपत्र उलगडलं. आतल्या पानावर कोपऱ्यात बातमी होती, की आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धेची भाग्यपत्रिका तयार झाली, आणि ती तयार करणारी म्हणून माझं नाव. शांताबाईंनी 'भाग्यपत्रिका' तेवढी वाचली होती आणि बास्केटबॉल सोडून दिला होता.

मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि कोणती टीम कोणाशी कधी खेळणार त्याच्या तक्त्याला भाग्यपत्रिका म्हणतात, असं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे कोन कोनाशी भिडन ते तुमी ठरवता. लग्नाचं तरी दुसरं काय असते जी?" त्यांच्या लेकीचं पुढे सगळं चांगलं झालं आणि त्याचं थोडं श्रेय त्या अजून मला देतात. मीही नाकारत नाही.

तर हा माझा धंदा. वर्ध्याच्या एका महिला महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक होते. लोक सरळ 'पीटीच्या मॅडम' म्हणायचे आणि माझ्या शिट्टीला घाबरायचे. विद्यापीठाचा पसारा मोठा असल्यामुळे महाविद्यालयांचे विभाग पाडलेले असत. आधी प्रत्येक विभागानं आपापसात खेळायचं, मग पुढे जायचं. आमचा विभाग म्हणजे आमचा जिल्हा, आणि त्यातलं मुलींचं बास्केटबॉल माझ्या गळ्यात पडलं ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलं. स्पर्धेच्या आधी सगळ्यांसमोर बसून ही पत्रिका, म्हणजे आमच्या भाषेत टायशीट, मी मांडायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठं? चिठ्ठ्या टाका, उचला, लिहा. तसं केलं तर जिल्ह्यातल्या दोन सगळ्यांत तगड्या टीम पहिल्याच सकाळी एकमेकींना भिडतील, एक घरी जाईल आणि फायनल बघायला चहावालाही थांबणार नाही. म्हणून मानांकन. गेल्या वर्षीच्या पहिल्या चार टीमना तक्त्याच्या चार कोपऱ्यांत बसवायचं आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या मध्ये टाकायच्या. लग्नाच्या पंगतीत चार रुसके जावई असले की आपण त्यांना चार टोकांना बसवतो ना, तेच.

या जावयांमध्ये सगळ्यांत रुसके हिंगणघाटच्या टीमचे भोयर सर. माणूस मनाचा साफ, पण मानांकनाच्या दिवशी त्यांच्या अंगात यायचं. गेल्या वर्षी ते फायनल हरले असतील तर म्हणणार, "पंचानं हरवलं, म्हणून आमीच पयले." जिंकले असतील तर प्रश्नच नाही. एकदा ते चौथे आले होते, तरी फाईल बगलेत मारून हजर. मी म्हटलं, "सर, आज काय म्हणणं?" तर म्हणतात, "मॅडम, चौथे आलो, पण कोनत्या तऱ्हेनं आलो ते पाहा ना!"

मानांकन नियमाच्या पुस्तकात होतं. माझी खरी करामत पुस्तकात नसलेल्या गोष्टीत होती. ती म्हणजे एसटी.

आमच्या जिल्ह्यात मुलींना खेळायला पाठवायचं की नाही, हे घरचे बास्केटकडे बघून ठरवत नसत, बसकडे बघून ठरवत. दिवेलागणीच्या आत पोरगी घरी येते का? येत असेल तर खेळू दे. एकदा का एखाद्या मुलीची शेवटची गाडी चुकली, की पुढच्या वर्षी त्या गावाहून टीमच येत नसे. म्हणून टायशीट मांडताना माझ्या डोक्यात कुठून कोणती गाडी कधी सुटते याचा दुसरा तक्ता चालू असायचा. वडनेरकडच्या मुलींचा सामना दुपारनंतर ठेवायचा नाही, सेवाग्रामच्या मुली चालतसुद्धा घरी जातील म्हणून त्यांना शेवटी खेळवायचं, असं सगळं.

शिवाय एक नियम मी स्वतः केला होता, एका बसच्या दोन टीम पहिल्या फेरीत समोरासमोर आणायच्या नाहीत. हा नियम अनुभवातून आला. एका वर्षी चिठ्ठ्यांनी आर्वीकडच्या दोन टीमची गाठ घालून दिली. सामना धसमुसळा झाला, एकीची वेणी ओढली गेली, दुसरीच्या टीमचा एक बास्केट पंचांनी नाकारला. संपल्यावर दोन्ही टीम एकाच बसमध्ये चढल्या, कारण त्या बाजूला जाणारी बस ती एकच. उरलेला सामना त्यांनी बसमध्ये खेळला. पुलगाव फाट्यापर्यंत कंडक्टरनं सहन केलं, मग गाडी थांबवून एक टीम पुढे आणि एक मागे बसवली. दुसऱ्या दिवशी तो खाकी कपड्यांतच कॉलेजात येऊन मला म्हणाला, "मॅडम, याहीले खेळवा, पन येगयेगळ्या गाडीच्या पोट्ट्याहीसंगं खेळवा." इतकी नेमकी सूचना मला विद्यापीठाच्या कोणत्याही बैठकीत मिळाली नाही.

आता बाय. टीम कधीच सोयीच्या आकड्यात येत नाहीत. आठ किंवा सोळा आल्या तर जोड्या नीट लागतात, पण आमच्याकडे कधी नऊ, कधी अकरा. मग काही टीमना पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो. त्या न खेळता थेट दुसऱ्या फेरीत जातात. याला 'बाय' म्हणतात. आधी मानांकित टीमना बाय द्यायचा आणि त्यातून एखादा उरला तर चिठ्ठीनं. मी चिठ्ठी टाकत नसे. उरलेला बाय सगळ्यांत लांबून येणाऱ्या टीमला, हा माझा रिवाज होता. तेवढीच त्यांची एक फेरी वाचते. सगळ्यांना विचारून, सगळ्यांसमोर करायचे. भोयर सर दरवर्षी विरोध नोंदवायचे. "बाय काय हळदीकुंकवाचं वाण आहे काय मॅडम, वाटून राह्यल्या ते?" मी म्हणायचे, "हो. तुमाला मिळालं ना तुमचं? मग बसा."

अशाच एका वर्षी उरलेला बाय तळेगावकडच्या एका कॉलेजला गेला. कॉलेज नवं, मैदान असं नव्हतंच. मागच्या बाजूला विजेचा एक जुना खांब होता, त्याला रिंग ठोकलेली. त्या खांबाखाली तयार झालेली वंदना नावाची मुलगी त्या टीमची कॅप्टन होती. वडिलांपेक्षा चांगली वीतभर उंच. रिंगखाली उभी राहिली की चेंडू आपण होऊन तिच्याकडे येतो असं वाटायचं. खांबाच्या डाव्या अंगाला कुंपण असल्यामुळे ती उजव्याच बाजूनं शिकली होती, पण त्या बाजूनं तिला अडवणारी मुलगी मी जिल्ह्यात पाहिली नाही.

तिला माझ्यासारखी पीटीची मॅडम व्हायचं होतं. वडील गुलाबरावजी, गावात किराणा दुकान. सज्जन गृहस्थ, फक्त काळजीनं पोखरलेले. पहिल्या वर्षी टीमसोबत ते स्वतः आले, माझ्यापुढे हात जोडले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "मॅडम, परतीची गाडी कोन्ती?" नंतर दरवर्षी हेच. मुलगी जिंकली सांगायला फोन केला तरी आधी, "परतीची गाडी कोन्ती जी?"

बाप-लेकीत एक करार झाला होता. वंदनाचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या टीममध्ये तिची निवड झाली तर गुलाबरावजी तिला पुढे पीटीच्या कोर्सला बाहेरगावी पाठवणार. खेळातल्या त्या निवडीवर प्रवेश सोपा व्हायचा. नाही झाली तर तिनं दुकानात बसायचं. "माणूस पायजेच हाय मले गल्ल्यावर," ते म्हणाले होते. दुकानात बसणं काही शिक्षा नव्हे, पण ती मुलगी गल्ल्यामागे नीट मावलीही नसती. आणि अडचण अशी की निवड करणारी मंडळी नागपूरहून यायची ती फक्त शेवटच्या चार टीमचे सामने बघायला. तिथवर पोचायला तळेगावला एकच सामना जिंकायचा होता. तो होता हिंगणघाटशी.

आदल्या दिवशी टायशीट पक्की झाली. तळेगावचं कॉलेज सुट्टीमुळे बंद, म्हणून मी दुकानात फोन लावला. गुलाबरावजींनीच उचलला. मी म्हटलं, "गुलाबरावजी, उद्याच्या दिवशी तुमच्या टीमला बाय आहे. परवा सकाळी या." लाईनमध्ये नेहमीची खरखर होती, पण पलीकडून "हो जी, हो जी" स्पष्ट ऐकू आलं आणि मी निर्धास्त झाले. आमच्याकडे 'हो जी' म्हणजे समजलं असंही असतं आणि काही कळलं नाही, पण मोठ्या माणसाला परत कसं विचारावं, असंही असतं.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वीची बस आली, त्यातून आर्वीच्या मुली उतरल्या, तळेगावची एकही नाही. मला वाटलं मागच्या गाडीनं येतील. मागची गाडीही रिकामी. सामना लागायला थोडाच वेळ उरला होता. हिंगणघाटच्या मुली अंग मोकळं करत होत्या. वेळेवर टीम हजर नसेल तर समोरच्या टीमला 'पुढे चाल' द्यायची, म्हणजे न खेळता विजयी. नियम सरळ आहे आणि तो मीच सगळ्यांना दरवर्षी वाचून दाखवायचे.

मी ऑफिसात धावले आणि दुकानात फोन लावला.

"गुलाबरावजी, पोरी कुठे आहेत?"

"इथंच हायेत जी. परवापासून रडून राह्यल्या."

"रडून राह्यल्या? काऊन?"

"काऊन म्हंजे? तुमीच त बाय केलं ना मॅडम! पुढचं सारं खरखरीत गेलं. मीनं सांगतलं पोट्ट्याहीले, मॅडमनं आपल्याले टाटा-बाय केलं, आता वर्ध्याले जाचं काम नाई. वंदी त जेवलीबी नाई. म्या म्हटलं, जाऊ दे माय, मोठ्या शाळेतले लोकं, त्याहीच्या मनात असन ते."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, बाय म्हणजे हाकलणं नाही! बाय म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत!"

"न खेळता पुढं? म्हंजे पेपर न देता पास?"

"तसंच समजा. पण दुसरा पेपर आज आहे, आत्ता आहे!"

"अरे बाप्पा!" एवढं ऐकू आलं, मग दूर कुठेतरी, "वंदे! ए वंदे! चपला घाल!" आणि रिसीव्हर लोंबकळत राहिला असावा, कारण दुकानातलं गिऱ्हाईक साखर मागत असलेलं मला बराच वेळ ऐकू येत होतं.

सामना सुरू व्हायच्या आधी क्रम बदलायचा अधिकार माझा होता. पण दोन्ही टीमची हरकत नसेल तरच. म्हणजे भोयर सरांना विचारणं आलं. मी मनातल्या मनात देव आठवले आणि त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. 'बाय' ऐकून ते आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले. मला वाटलं, आता फाईल उघडणार.

"मॅडम, आमाले पयल्या फेरीत बाय होता," ते म्हणाले. "आता तुमी पुढं चाल द्याल. म्हंजे माह्या पोट्ट्या बॉलले हात न लावता थेट सेमीफायनलले जातीन? थंड्या अंगानं? नागपूरचे लोकं येतीन अन् माह्या पोट्ट्या त्याहीच्यापुढं पयल्यांदा घाम काढतीन? नाई जमत. मले मॅच पायजे. येऊ द्या तळेगावले."

इतकी वर्षं मानांकनासाठी माझं डोकं खाणाऱ्या माणसाला त्या क्षणी मी पहिलं मानांकन लिहून दिलं असतं. पुढचे सगळे सामने वर ओढले आणि तळेगाव-हिंगणघाट सगळ्यांत शेवटी, दुपारच्या उपांत्य सामन्यांच्या थेट आधी ठेवला.

तळेगावची टीम आली ती मेटाडोरमधून. मागे संत्र्यांच्या पेट्या आणि पेट्यांवर मुली, केसांत पाला. गावातल्या कोणाचा तरी माल नागपूरला निघाला होता, तो गुलाबरावजींनी रस्त्यात आडवं उभं राहून वर्ध्याकडे वळवला होता. ते पुढून उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, परतीची गाडी कोन्ती जी?"

"गुलाबरावजी, गाडी तुम्हीच घेऊन आले!"

"हो जी," ते म्हणाले. या खेपेला कोणत्या अर्थानं, देव जाणे.

आणि मग लक्षात आलं, खुर्च्यांवर नागपूरची निवड समिती येऊन बसलीय. उपांत्य सामन्यांना वेळ होता, पण चहा आणि पोहे मिळतील या भरवशावर मंडळी लवकर आली होती. सकाळी ठरल्या वेळी हा सामना झाला असता तर बघायला मी, भोयर सर आणि दोन कुत्री असतो. आता तळेगाव हरलं तरी वंदना त्यांच्या डोळ्यांसमोर खेळणार होती.

तो सामना मी कधी विसरणार नाही. पहिली काही मिनिटं तळेगावच्या मुली मेटाडोरमध्येच असल्यासारख्या हलत होत्या. मग वंदना रिंगखाली पोचली. चेंडू वर गेला की तिचा हात आधी दिसायचा. भोयर सरांनी तिच्यावर दोघी लावल्या, मग तिघी. ती तिघींमधून चेंडू काढायची आणि मोकळ्या मैत्रिणीकडे फेकायची. त्या मैत्रिणींनी टाकलेले कितीतरी चेंडू रिंगवर फिरून बाहेर आले, कारण त्यांना खांबाची सवय, मागच्या फळीची नाही. मध्यांतरात गुलाबरावजींनी पेटी फोडून दोन्ही टीमना संत्री वाटली. पंचांनाही दिली. मी हरकत घ्यायला हवी होती, पण मीही खात होते.

तळेगाव एका बास्केटनं हरलं. शेवटचा चेंडू वंदनाच्याच हातात होता आणि ती चुकीच्या, डाव्या बाजूला होती. ती तिथेच खाली बसली. गुलाबरावजी कोर्टात गेले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि काहीतरी बोलले. काय ते ऐकू आलं नाही, पण ती रडता रडता हसली. तेवढ्यात भोयर सर समितीच्या खुर्च्यांपाशी पोचले होते. मला वाटलं, आपल्या मुलींची वकिली करायला. जवळ गेले तर ऐकू आलं, "साहेब, ते उंच पोट्टी माही नाई. पन तिले नाई घेतलं त माह्या पोट्ट्याहीचं नाव नका काढू."

वंदनाला घेतलं. हिंगणघाटच्याही दोघींना घेतलं.

तेव्हापासून मी फोनवर 'बाय' हा शब्द वापरायचं सोडलं. "पहिल्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी काम," असं सांगायचे. पुढे दोन हजारनंतर मुलींच्या हातात मोबाईल आले, आणि माझ्या निवृत्तीच्या सुमारास कॉम्प्युटरवर टायशीट निघू लागली. झटक्यात निघते, कोणी भांडत नाही. पण त्या यंत्राला शेवटची बस माहीत नाही, आणि एकदा तर त्यानं एका बसच्या दोन टीम पहिल्याच फेरीत समोरासमोर आणल्या. आता तक्रार घेऊन कोण येणार? तो कंडक्टरही निवृत्त झाला असेल. मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. तळेगावची ती टीम पुन्हा तेवढी जमली नाही. वंदनाचं नाव झालं, पण तिला चेंडू पोचवणाऱ्या त्या बाकीच्या मुली पुढे कुठे गेल्या, हे मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एका ठेंगण्या मुलीचा पास अजून डोळ्यांसमोर आहे आणि नाव काही केल्या आठवत नाही.

वंदना आता स्वतः पीटीची मॅडम आहे आणि तिच्या भागातल्या टायशीट मांडते. मधूनच फोन येतो. "मॅडम, कॉम्प्युटर काहीबी म्हणो, उरलेला बाय मीनं लांबच्या गाडीलेच देल्ला. सगळ्याहीले विचारून." मग दोघी हसतो.

पण मला तिची आठवण येते ती वर्धा स्टेशनवरची. निवडीनंतर विद्यापीठाची टीम बाहेरच्या राज्यात खेळायला निघाली, टीमची मॅनेजर म्हणून मी सोबत. गुलाबरावजी पोचवायला आले होते, संत्र्यांची पिशवी आणि डबा घेऊन. वंदनाच्या अंगात विद्यापीठाचा नवा ट्रॅकसूट, बाही आखूड पडलेली. फलाटावरच्या चहावाल्यानं विचारलं, पोरगी कुठे निघाली? तर गुलाबरावजी त्याला समजावत होते, "बाय भेटला हाय तिले. बाय म्हंजे हाकलनं नाई गा भाऊ. बाय म्हंजे, पुढं जा."

चहावाल्याला काही कळलं नाही. गाडी हलली. गुलाबरावजी खिडकीसोबत चालू लागले, मग जरा पळाले, आणि हात वर करून एवढ्या मोठ्यानं ओरडले की फलाटावरचे सगळे वळून बघायला लागले, "बाय, माय! बाय!"

वंदना खिडकीतून वाकून हात हलवत राहिली, ते दिसेनासे होईपर्यंत. मग डोळे पुसून माझ्या शेजारी बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, आज बाबानं परतीची गाडी विचारलीच नाई."